पोह्यांच्या डब्यातला फोन

२० एप्रिल. कुरडया घालायच्या होत्या. सोऱ्या दाबायला माझ्या एकटीचे हात पुरेनात, म्हणून खालच्या सदाभाऊंच्या मुलीला, सुरेखाला, गच्चीवर बोलावलं.

सदाभाऊ म्हणजे फोन पोह्यांच्या डब्यात ठेवणारा माणूस. मूळचे मावळातल्या खेड्यातले, रेल्वेतून निवृत्त. लोणावळ्यात आमच्या खालच्या मजल्यावर एरवी एकटेच राहतात. "कान हायेत त्याला, वहिनी," म्हणतात आणि झाकण दाबतात. डब्यातूनही तो खणखणीत वाजतो, ते वेगळं.

सहा महिन्यांपूर्वी त्यांनी सगळंच सोडलं. सोसायटीचा ग्रुप सोडला, जुनी ईमेल बंद केली. भाच्याकडून फोन पुसून घेतला आणि त्यात कुठेही चुगली न करणारी म्हणे, अशी वेगळीच सिस्टिम घातली. तिच्यावर बँकेचं ॲप चालेना, तर भाऊ खुशीत रांगेत उभे. नकाशा फोनवर बघायचा नाही, स्वतः काढायचा. मला एकदा दवाखान्याचा काढून दिला होता : 'हितं वडापाव. हितं कुत्रं, पन चावत न्हाई.'

"भाऊ, तुमच्या घरात बघण्यासारखं आहे तरी काय?" मी हसायची.

"पाहुना फुकट राबाया लागला, की समजावं घर हेरतोय."

महिन्याभरापूर्वी सुरेखा आली. सुट्टीला, असं भाऊ म्हणाले.

कुरडया झाल्या. मी फोटो काढून स्टेटसला टाकला. तासाभरानं भाऊ अनवाणी गच्चीवर.

"वहिनी, सुरेखा म्हनली फोटु काढला. कुटं टाकला तर न्हाई?"

फोटोच्या कोपऱ्यात ती होती. अर्धाच चेहरा, पण ओळखू येणारा.

भाऊ खालीच बसले आणि सांगू लागले. जावई तिला मारायचा. तिच्या फोनमध्ये त्यानं काहीबाही घालून ठेवलेलं. ती मैत्रिणीकडे पळाली, तर संध्याकाळी हा दारात. मावशीकडे गेली, तिथंही. मग भाऊंनी तो फोनच टाकून दिला. "हितं बी बघून गेला. तवा न्हवती ती. आता परत यायचा न्हाई, म्हनून आनली."

स्टेटस पुसण्याआधी कुणी कुणी पाहिलं ते वाचलं. आंबी गावातली माझी नणंद. तिचा मेसेजही आला होता : 'कोपऱ्यातली आमच्या शेजारची सून ना गं?'

मी स्टेटस पुसलं. नणंदेच्या पोटात काही राहत नाही.

"तिला उद्याच हलवू," मी म्हटलं. "दुधिवरे खिंडीपलीकडे माझी मावसबहीण—"

भाऊंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "गावाचं नाव नगं. त्यानं दमात घेतलं, तर माज्या तोंडातनं निघंल."

"मग तुम्ही तिला भेटणार कसे?"

"न्हाई भेटायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी माझा फोन बंद केला, त्यांच्या पोह्यांच्या डब्यात ठेवला आणि झाकण दाबलं. भाऊंनी नकाशा दिला. खिंडीपर्यंत प्रत्येक वळण होतं. 'हितं उतार. सुरेखाला धरून बसाया सांगा.' पुढचा कागद कोरा.

सुरेखाला मागे बसवून मी स्कूटर काढली.