हशाची दुसरी जागा

आमच्या शेजारची म्हातारी भिंतीशी बोलते. त्यात नवल नाही. या वयात भिंतच बरी, मध्ये तोंड घालत नाही. नवल हे, की ती भिंतीला हसायला वेळ देते.

सकाळचा चहा झाला की पलीकडून सुरू. चार वाक्यं तडातडा, मग गप्प. पुन्हा चार वाक्यं, पुन्हा गप्प. मी शाळा चौथीत सोडली, पण जत्रेत तमाशाच्या कनातीबाहेर चहाची गाडी लावण्यात माझी उमर गेली. आतला सोंगाड्या दिसायचा नाही, बोललेलं निम्मं कळायचं नाही, हशा तेवढा ऐकू यायचा. हशा विरायच्या आत पुढचं वाक्य टाकणारा कच्चा, थांबणारा कसलेला. ही कसलेली होती. मी मोठ्या दिमाखात पोराला सांगितलं, "ही बाई फडातली आहे."

पोरगा म्हणाला, "हो बाबा. सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे."

पोरगा इथं जर्मनीत, नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याच्याकडून याहून जास्त कौतुकाची अपेक्षा मी ठेवत नाही.

बाईचं नाव विनिफ्रेड. आमच्या कारभारणीनं पहिल्याच दिवशी त्याचं विनीबाई केलं. जातीची इंग्लिश. समुद्रकाठच्या कुठल्याशा गावात बापाचं मासळीचं दुकान. पोरगी नाटकात गेली, तर हातात ट्रे दिला. मोलकरीण हो, ट्रे घेऊन ये, घसरून पड, जा. टीव्हीवर गेली, तिथंही ट्रे. "विनोद बाप्यांना आणि ट्रे मला," असं ती अजून म्हणते, आणि ट्रे म्हणताना अजून दात खाते. मग एक दिवस तिनं ट्रे खाली ठेवला आणि स्वतःच लिहायला बसली. काय लिहिलं, तर रेल्वेच्या चौकशी खिडकीतली बाई. गाडी कधी सुटते ते कुणाला सांगणार नाही, उलट विचारणाऱ्याच्याच घरची चौकशी करणार. बायको का रुसली, जावई काय कमावतो. म्हणजे खिडकी नावाला जागली म्हणा! सगळं इंग्लंड हसलं म्हणे. असेल. मी मोजायला गेलो नव्हतो.

हे सगळं मला सूनबाईनं सांगितलं. मेघना तिच्याशी इंग्रजीत बोलते आणि मला मराठीत सांगते. मधल्या मधे काय सांडतं, ते तिचं तिला माहीत.

बाईला दुसऱ्याचे आवाज काढायचा भारी नाद. ब्रेडच्या दुकानातली पोरगी, गाडीला उशीर झाला म्हणून माफी मागणारा स्टेशनवरचा भोंगा, आणि आमचा हाउसमाइस्टर. हाउसमाइस्टर म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणारा माणूस. पगार देखभालीचा, रुबाब मालकाच्या बापाचा. प्लास्टिकच्या पिवळ्या डब्यात चुकून कागद गेला तर वर येऊन दार वाजवतो. एकदा जिन्यात बाईनं मागून त्याचा आवाज काढला, तर मी आधी चपला काढून हातात घेतल्या आणि मग वळून बघितलं.

आता माझ्या नावाचं सांगतो. माझं नाव हणमंतराव. आमच्या भागात ते मोठ्यानं घ्यायची कुणाची टाप नव्हती. विनीबाई मला 'हेर हळू' म्हणते. हेर म्हणजे इकडं मिस्टर. मला ते माहीत नव्हतं, म्हणून मी पहिल्या दिवशी भांडणारच होतो, की मी कुणाचा हेर?

झालं होतं असं. इथं दुपारी बिल्डिंगमध्ये आवाज करायचा नाही, असा नियम. माझा पाय जड, बोलणं त्याहून जड. जिना चढायला लागलो की कारभारीण मागून म्हणायची, "अहो, हळू!" दार लावलं, "अहो, हळू!" हसलो तर दोनदा. बाईनं भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मनाशी धरलं, या माणसाचं नाव अहो आणि आडनाव हळू. पहिल्या भेटीत हात पुढं करून म्हणाली, "गुटन टाग, हेर हळू!"

कारभारणीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मेघना सांगायला निघाली, तर तिला कोपरानं ढोसून म्हणाली, "खबरदार सांगशील तर. जन्मात पहिल्यांदा ह्यांना लागू पडेल असं नाव मिळालंय."

दोघींचं चांगलं गूळपीठ होतं. शेजारशेजारच्या बाल्कनीत उभ्या राहून ही मराठीत बोलायची, ती इंग्रजीत, आणि दोघींनाही पुरायचं. कारभारणीनं कुंडीतली मेथी द्यायची, बाईनं ती फुलदाणीत ठेवायची.

कारभारीण दोन हिवाळ्यांमागं गेली. त्यानंतर जिन्यात 'हेर हळू' ऐकलं की माझी पायरी चुकायची. मी मेघनाला म्हणालो, "आता तिला माझं खरं नाव सांगून टाक."

"जा, जा, सांगते ना, अहो बाबा," असं म्हणायची आणि सांगायची नाही. इकडच्या भाषेत 'जा' म्हणजे 'हो'. सासऱ्याला जा म्हणायची अशी सोय दुसऱ्या देशात नसेल.

या वसंतात चर्चच्या हॉलमधल्या लोकांनी विनीबाईला सुपारी दिली. म्हाताऱ्या मंडळींचा कॉफी-केकचा कार्यक्रम, त्यात जर्मन भाषेत अर्धा तास हसवायचं. नवरा गेल्यापासून बाई स्टेजवर चढलेली नव्हती, भिंतीपुरतीच उरली होती. तिनं हो म्हटलं, आणि भिंतीचं काम वाढलं.

मी यावेळी कान देऊन ऐकलं. एक गोष्ट जमेना. हशासाठी थांबायची, ते ठीक. मग एक साधंच वाक्य, आवाजाला चढ नाही, उतार नाही, आणि पुन्हा थांबायची. तिथं हशाला जागाच नव्हती. कसलेला माणूस अशी चूक करत नाही. चहाला आली तेव्हा मी विचारलंच. "सूनबाई, विचार तिला, दुसऱ्यांदा कुणासाठी थांबते?"

मेघनानं विचारलं. बाईनं कप खाली ठेवला. मग सांगायला लागली.

तिचा नवरा रूडी, इथलाच. तरुणपणी कामासाठी इंग्लंडात गेलेला. एका खेळाला आला. इंग्रजी जेमतेम. सगळं थेटर हसलं, हसून गप्प झालं, बाईनं पुढचं वाक्य टाकलं, आणि मागून एकटाच माणूस हसला. मनातल्या मनात जर्मन करून हसायचं म्हणजे वेळ लागायचाच. पुढच्या विनोदाला पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी बाई त्याच्यासाठी थांबली.

"आणि मग?" मी म्हणालो.

"मग लग्न केलं," मेघना म्हणाली. "बाबा, त्या म्हणतात, बाकीचे विनोदाला हसले, हा विनोद सापडेपर्यंत शोधत राहिला, म्हणून. आणि त्या म्हणतात, त्या हॉलवाल्यांना नाही म्हणून कळवणार आहेत. पहिली जागा भरेल. दुसरी रिकामीच राहणार. तिथं उभं राहवत नाही."

मला एकदम रागच आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. "सांग तिला, सुपारी घेतल्यावर मोडत नसतात. फडाचा नियम आहे."

मेघनानं सांगितलं. बाईनं काहीतरी विचारलं. मेघना म्हणाली, "त्या विचारतात, सुपारी म्हणजे तेच का, जे तुम्ही जेवल्यावर चघळता?"

"तेच म्हणावं. तोंडात टाकली की परत देता येत नाही."

बाई गेली हॉलवर. आम्हीही गेलो. हाउसमाइस्टर पहिल्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात. मी मागच्या रांगेत, मेघना माझ्या कानाशी. बाई स्टेजवर आली ती हातात ट्रे घेऊन. तो तिनं सावकाश खाली ठेवला आणि बोलायला लागली.

आमच्या हाउसमाइस्टरचीच गोष्ट होती. तो मरतो, स्वर्गात जातो, दारात उभा राहतो. बाईनं त्याचा आवाज काढला, बोट वर केलं, एक वाक्य टाकलं. हॉल हसला. पहिल्या रांगेतून खरा हाउसमाइस्टर गंभीरपणे म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. हॉल आणखी हसला.

मग बाईनं ते साधं वाक्य टाकलं, आणि थांबली.

कुणी हसलं नाही. हसायचं कारणच नव्हतं. कॉफीचे चमचे वाजले. बाईनं खुर्चीची पाठ धरली. तिचे ओठ हलले, पण पुढचं वाक्य येईना.

"सांग लवकर, मघाशी कशाला हसले?" मी मेघनाला म्हणालो.

"बाबा, देव मागून येतो, आत जायला लागतो, तर हा देवाला म्हणतो, आधी पाय पुसा."

मी ठरवून हसलो नाही. माझ्या हसण्याचा तसा अपमान कुणी करू नये. मला डोळ्यांसमोर दिसलं, चार हातांचा देव, एकाही हाताचा उपयोग नाही, बिचारा पायपुसण्यावर पाय घासतोय. मी हसलो. घोडा खिंकाळावा तसा, एकटा, भर हॉलमध्ये. सगळ्या माना मागं वळल्या. हाउसमाइस्टरनं खरं बोट वर केलं.

बाईनं मान उचलली. त्या सगळ्या डोक्यांवरून मला शोधलं. खुर्ची सोडली आणि म्हणाली, "अहो, हळू!"

तो बाईचा आवाज नव्हता. 'हो' जरा लांबवलेला, 'हळू'ला बारीकसा चिमटा, आणि आत दाबून ठेवलेलं हसू. मी मागं वळून बघितलं. मागं कोट अडकवलेल्या खुंट्या होत्या.

मग बाई पुढं बोलत गेली. प्रत्येक विनोदाला दोनदा थांबली. मी प्रत्येक वेळी उशिरानं हसलो.

घरी येताना जिन्यात मेघना म्हणाली, "बाबा, आता सांगू का त्यांना, तुमचं खरं नाव काय ते?"

बाई आमच्या पुढंच चढत होती, काखेत ट्रे.

"सांगू," मी म्हणालो. "हळूहळू."