सुपडू नानांची मुकी पेटी

आमच्या पिंप्राळ्यातले शेजारी सुपडू नाना लग्नाला आले की आधी खिशात हात घालतात. आहेरासाठी नाही. बाटलीच्या टोपणासारखं काहीतरी काढतात, खाली दोन पाय असलेलं, आणि भेटेल त्याच्या नाकासमोर धरून हा कुठला म्हणून विचारतात. "हाऊ कोनता गावना शे, वळखतस का?"

मागे नवरदेवाच्या मामालाच विचारलं. मामा म्हणाला, "सोनाराला दाखवा."

तो नानांच्या जुन्या अँप्लिफायरचा पार्ट. वरचा नंबर पुसलेला, म्हणून त्याच्या जोडीचा मिळत नाही. मग नाना सोयरीक जमवायला निघाल्यासारखे हिंडतात. धुळ्याच्या भंगारवाल्यांकडून असेच बिननावाचे पिशवीभर आणतात. पाय बघतात, वजन बघतात, टिचकी मारतात. "घर चांगलं दिसस," म्हणतात आणि बसवतात. आठवड्यात सोडचिठ्ठी.

"अक्का, डावी पेटी मुकीच शे. बठ्ठा आवाज उजव्या आंगे येस." नानांची रोजची तक्रार, सगळा आवाज उजव्याच बाजूच्या स्पीकरमधून. पेट्यांची अदलाबदल केली, वायरी बदलल्या. तरी डावीकडे ठेवावी ती पेटी रुसलेली.

मी चौथी शिकलेली, पण मला सुद्धा कळतं की कशाला तरी मर्यादा असते. म्हटलं, "विका ते धूड. हल्ली मुठीएवढा डबा फोनवर वाजतो." नाना कितीतरी दिवस माझ्या दारावरून तोंड फिरवून जायचे. बायको गेलेली, मुलगा बडोद्याला. घरात बोलणारं ते एक मशीन, आणि तेही अर्धं.

परवा दुपारी त्यांनी एवढा आवाज लावला की माझ्या फळीवरची ताटं थरथरली. मी तरातरा गेले.

"नाना, गल्ली पाडायची आहे का?"

"भांडण मागून, अक्का. आधी बसा."

डाव्या पेटीजवळ स्टूल होतं. मी टेकले आणि ढोलकी थेट डोक्यात शिरली.

"अहो, ही तर वाजतेय!"

"कोणती?"

"ही डावी! कान फुटला माझा."

नाना मानेनात. मी म्हटलं, "खुर्ची फिरवा. पेट्यांकडे पाठ, मागच्या भिंतीकडे तोंड करून बसा."

नाना फिरून बसले आणि दचकले. "अरे, आता दुसरी मुकी झाली!"

"पेटी नाही हो. तुमचा डावा कान गेलाय."

नानांनी आवाज बारीक केला. उजव्या कानावर तळहात दाबला. काढला. पुन्हा दाबला.

मला रागच आला. नानांचा नाही. साऱ्या गल्लीने तो पार्ट दारात उभं राहून पाहिला, वर खो खो हसून घेतलं. आत येऊन गाणं ऐकायला कोणी बसलंच नव्हतं. बसलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

"म्हणजे मशीन कधीचं बरं झालं असेल?" नाना म्हणाले.

"मला काय माहीत?"

ते उठून आत गेले. मला वाटलं, डोळे पुसायला गेले. आले ते गादीची खुर्ची घेऊन. डाव्या पेटीसमोर ठेवली, गादीवरची धूळ उपरण्याने झटकली.

"स्टूल टोचत असेल, अक्का. या आंगे काय वाजतंय ते सांगत जा मला."

"रोज?"

"मी तर रोजच लावतो," नाना म्हणाले.