बाराव्या मजल्यावरचा थोरला

मी घड्याळजी आहे, आणि माझ्या हातून गेलेलं घड्याळ चुकत नाही. सूर्य चुकेल एक वेळ! हे वाक्य मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय. तेच एक दिवस माझ्या अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

आम्ही जुळे भाऊ. तो माझ्याआधी चार मिनिटं जन्मला आणि तेवढ्यावर जन्मभराचा दादा झाला. तो बस चालवतो, तळमजल्यावर आईबरोबर राहतो, आणि डोक्यावर औषधालाही केस नाही. मी त्याच इमारतीत बाराव्या मजल्यावर राहतो, खिडकीशी टेबल मांडून घरीच काम करतो. बाबाही घड्याळजीच होते. त्यांचं मनगटी घड्याळ बंद पडून पंचवीस वर्षं झाली, तरी आईने ते कुणाला उघडूही न देता जपून ठेवलंय. तुमच्या साठीला ते थोरल्याला देणार, असं तिने जाहीर केलं. म्हणजे बस चालवणाऱ्याला! त्या घड्याळाच्या पोटातली चाकं मी बाबांच्या मांडीवर बसून पाहिली आहेत. मला ते हवं होतं, अगदी मनापासून.

अशात दादाची मुलगी चहा पिता पिता बोलून गेली. ती प्रयोगशाळेत काळ मोजायचं काम करते.

"काका, जमिनीपासून जितकं उंच जावं तितका काळ भरभर जातो. पृथ्वीची ओढ कमी होते ना. आणि जो पळत असतो, त्याचा काळ हळू जातो."

"खरंच?"

"मोजलंय आम्ही."

पुढचं मी ऐकलंच नाही. मी तीस वर्षं उंचावर. हा तीस वर्षं जमिनीलगत, त्यात दिवसभर पळतोय. म्हणजे ती चार मिनिटं मी केव्हाच भरून काढली असणार! नेमका फरक किती पडतो, हे विचारायची मला गरजच वाटली नाही.

पुरावा हवा म्हणून चावीची दोन सारखी घड्याळं साफ केली, तेल दिलं, काटे जुळवले. एक मी घातलं, दुसरं दादाच्या मनगटावर बांधलं.

"आठवडाभर काढायचं नाही."

"आंघोळीला?"

"तेव्हा काढ. पण उंच ठेवू नकोस."

साठीच्या दिवशी सकाळी दोन्ही घड्याळं आईपुढे ठेवली. दादाचं मागे पडलं होतं. बरोब्बर चार मिनिटं!

"आई, थोरला मी," मी म्हणालो. "आजपासून यानं मला दादा म्हणायचं."

"म्हणेन की," दादा म्हणाला. "तुझे गुडघे आधी दुखायला लागले तेव्हाच मला शंका आली होती."

पुतणीने मात्र कागद पुढे ओढला आणि भराभर आकडे मांडले.

"काका, तीस वर्षांत तुम्ही बाबांच्या पुढे गेलात हे अगदी खरं आहे. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यातले चार."

"आणि चार मिनिटं भरायला?"

"एकशे ऐंशी कोटी वर्षं. तोवर जरा दम धरा."

क्षणभर मी सगळं विसरलो. मी जन्मभर सेकंदालाच बारीक समजत आलो. ही पोरगी त्याचे दहा लाख तुकडे करते, त्यातले चार वेचून माझ्या हातावर ठेवते, आणि वर बिस्किट बुडवून खाते. मला तिचा इतका अभिमान वाटला की हरल्याचं दुःखही झालं नाही.

ते दुःख आईने दिलं.

"मग हे चार मिनिटं मागे कसं? तुझ्या हातून गेलेलं घड्याळ तर चुकत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक तर विज्ञान खोटं, नाहीतर मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डोळ्याला भिंग लावून मी दादाच्या घड्याळाचं झाकण उघडलं. आतल्या डोलणाऱ्या चाकात एक केस अडकला होता. पांढरा.

"दादाचा असेल," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच त्याच्या तुळतुळीत डोक्याकडे माझं लक्ष गेलं.

आधी आई हसली, मग सगळेच. दादाने आईच्या हातून बाबांचं घड्याळ घेतलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"घे. पांढरे केस तुझ्याकडे आहेत. थोरला तूच."

असं वागायला चार मिनिटं आधी जन्मून भागत नाही, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

बाबांचं घड्याळ आता चालतं. दादा काम संपलं की बारा मजले चढून रोज ते बघायला येतो, आणि मी त्याला दादाच म्हणतो. आणि हो, ते दुरुस्त करताना मी डोक्याला घट्ट रुमाल बांधला होता.