ठिपक्यांच्या छापखान्यात अपडेटाची मसलत जाहली त्याची हकीकत

श्रीशारदेचे स्मरण करून, आणि लिहिणे पुरे होईतो वीज जाऊ नये ऐसी तिजपाशी विनंती करून, हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. संवत्सराचे नाव वाचतांच पुढील मजकुराचा सूर सुज्ञांनी ओळखावा. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्य म्हणजे तालुक्याच्या गावी बाजारपेठेमागे दुसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या, आणि त्यांत अंधांसाठी ब्रेल पुस्तके छापण्याचा कारखाना. ब्रेल म्हणजे कागदावर उठविलेले ठिपके, ते बोटांनी वाचावयाचे. सात जिल्ह्यांतील एकशे चाळीस अंध मुले याच कारखान्याच्या पुस्तकांवर शिकत होती, आणि त्यांस दुसरा आसरा नव्हता.

राज्याच्या मुख्य वसुधाताई गुप्ते, मुख्याध्यापिकेच्या कामावरून निवृत्त जाहलेल्या, स्वभावे दयाळू, परंतु निर्णय म्हणतांच त्यांस चहा आठवत असे. ठिपके उठविणाऱ्या यंत्रावर हणमंतराव शेलार एकोणीस वर्षे होते, आणि यंत्र त्यांचे ऐकत असे, दुसऱ्या कोणाचे ऐकत नसे. छापलेले पान बोटांनी वाचून चुका काढण्याचे काम नजमाबाई मुजावर करीत. त्या जन्मांध, वय अडतीस, आणि त्यांच्या बोटाखालून काना-मात्रा सुटली ऐसे कधी जाहले नाही. यंत्रास आज्ञा देणारा संगणक बहुत जुना, आणि त्याचे पडद्यावर नित्य सकाळी एक चौकट उगवत असे, की नवे अपडेट आले आहे, आता घ्यावे किंवा मागाहून आठवण द्यावी. आणि हणमंतराव नित्य सकाळी 'मागाहून' दाबीत, आणि मग उदबत्ती लावीत, आणि मग काम सुरू करीत. ऐसी साडेतीन वर्षे गेली. यास कारण होते. पूर्वी एकदा त्यांनी भल्या मनाने 'आता' दाबिले, आणि संगणक नवा होऊन उठला तो यंत्रास ओळखीना, आणि अकरा दिवस छापणे बंद पडले, आणि सहामाहीची पुस्तके सहामाही संपल्यावर पोचली. ते दिवसापासून हणमंतरावांनी पडद्याचे कडेस चिठ्ठी डकविली: 'हात लावू नये. ह. शेलार.'

मग मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस एका माजी विद्यार्थ्याने परमुलखातून नवे यंत्र देणगी पाठविले. जुन्याच्या चौपट वेगाचे, आणि भूमितीच्या आकृती ठिपक्यांनी काढणारे. वसुधाताईंनी नारळ फोडिला, पेढे वाटिले, आणि यंत्राची तार संगणकास जोडिली, आणि संगणक काहीच बोलेना. तेव्हा देवदत्त खोत यांस बोलाविले. हे गृहस्थ गावातील अर्ध्या कचेऱ्यांचे संगणक दुरुस्त करीत. त्यांनी चष्मा वर करून पडदा पाहिला आणि डोक्यास हात लाविला.

"हणमंतराव, यावर शेवटचं अपडेट कधी घेतलंत?"

"घेतलं नाही म्हणून तर चालतंय," हणमंतराव बोलिले.

"नवं यंत्र याच्याशी बोलणार नाही. त्याला नवी सिस्टिम लागते. आणि ते राहू द्या, सुरक्षेचं काय? खालच्या लग्नपत्रिकावाल्याच्या सगळ्या फायली मागच्या महिन्यात कुलूपबंद झाल्या, ठाऊक आहे ना? त्याचाही संगणक असाच होता."

"आणि नवी सिस्टिम घातली की माझं जुनं यंत्र बोलेल?"

देवदत्त खोत खरे बोलणारे. ते म्हणाले, "सांगता येत नाही."

"ऐकलंत ताई?" हणमंतराव वसुधाताईंकडे वळून बोलिले. "दहावीचा गणिताचा सराव-संच पौषात जायचाय. तो जाऊ द्या, मग काय ते करा."

दोन्ही बाजू खऱ्या होत्या, हेच मोठे दुःख होते. वसुधाताईंनी मसलत बोलाविली, तीत ठरले की पुन्हा मसलत करावी. दुसरीत ठरले की तज्ज्ञाचे मत घ्यावे, आणि तज्ज्ञ समोरच बसले होते, त्यांनी आपले मत तिसऱ्यांदा सांगितले. तिसऱ्या मसलतीस चहा आला, आणि वसुधाताई म्हणाल्या, की अपडेट घ्यावे हेही बरोबर, आणि घेऊ नये हेही बरोबर, तस्मात घाई करू नये. लिहिणारा त्या मसलतीत हजर होता, आणि लिहिणाऱ्याने आपले तोंड बंद ठेविले, त्याची लाज आजही वाटते. इतका वेळ नजमाबाई कोपऱ्यात पान वाचीत होत्या. त्यांनी बोट उचलिले आणि बोलिल्या, "मला कोणी विचारणार आहे का?"

वसुधाताई ओशाळून म्हणाल्या, "अगं, यंत्राचा विषय आहे म्हणून..."

"यंत्राचा? ताई, अठरा वर्षांची पुस्तकं त्या एका डब्यात आहेत. प्रत्येक पान मी दोनदा वाचलंय, काही पानं चारदा. अपडेट घ्या नाही तर नका घेऊ, तुम्हाला पौष पुरायचा नाही तेवढ्या वादाला. पण आधी सगळ्याची प्रत काढून बाजूला ठेवा. दोन्हीकडून एवढं तरी करता येतं की नाही?"

देवदत्त खोत म्हणाले, "हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं." वसुधाताईंनी तात्काळ आज्ञा केली, आणि प्रत ठेवण्याची नवी डिस्क दुसरे दिवशी आली, आणि वाचकहो, ती डिस्क वेष्टनासकट कपाटात पडून राहिली. कारण प्रत काढण्यास संगणक एक दिवस अडकणार, आणि हणमंतराव म्हणाले, संच छापून होऊ द्या, मग एक दिवस काय दोन दिवस घ्या. नजमाबाईंनी सोमवारी विचारिले, मंगळवारी विचारिले, गुरुवारी विचारिले, आणि शुक्रवारी विचारिले तेव्हा हणमंतराव खेकसले, "काढतो म्हटलं ना!" चुका काढण्यासाठी गणिताचा संच नजमाबाईंच्या स्वतःच्या लॅपटॉपात होताच. त्यांनी दुपारच्या डब्याच्या वेळी संगणकापाशी बसून पहिली ते चौथीची पुस्तकेही आपल्याकडे ओढून घेतली. तितक्यात डब्याची वेळ संपली.

पौष शुद्ध द्वादशीस एका शाळेचे मास्तर संचास जोडावयाच्या भूमितीच्या आकृती पेन ड्राइव्हवर घेऊन आले. भले गृहस्थ, त्यांचा काही दोष नाही. हणमंतरावांनी पेन ड्राइव्ह लाविला, आकृती उघडिली, आणि पडदा क्षणभर काळा होऊन लाल जाहला, आणि लाल पडद्यावर इंग्रजीत खंडणीची मागणी आली. हणमंतरावांनी वायर उपटली. मग पुन्हा लाविली. मग पुन्हा उपटली. पुस्तकांची नावे दिसत होती, परंतु एकही उघडेना. देवदत्त खोत धावत आले, तासभर खटपट केली, आणि खुर्ची मागे सारून बसले.

"गेलं?" वसुधाताईंनी विचारिले.

"गेलं. खंडणी देऊनही परत मिळतीलच असं नाही." आणि थोडे थांबून ते म्हणाले, "ज्या भोकातून हे आत आलं, त्याचं ठिगळ तीन वर्षांपूर्वीच आलं होतं. रोज सकाळी विचारत होतं."

हे वाक्य न बोलते तरी चालते. हणमंतरावांनी पडद्याकडे पाहिले नाही, जमिनीकडे पाहिले. वसुधाताई रडो लागल्या. नजमाबाई जागीच उभ्या, आणि त्यांचा आवाज चढला. "चार वेळा विचारलं मी. चार वेळा! डिस्क कपाटात आहे, वेष्टन फोडायला तुम्हाला मुहूर्त लागत होता का? गोष्टींची पुस्तकं गेली, इतिहास गेला, पाचवीपासून वरचं सगळं गेलं. सहावीच्या विज्ञानाला मला अख्खा उन्हाळा लागला होता." आणि मग त्या खाली बसल्या.

परंतु मुलांची परीक्षा कोणासाठी थांबत नाही. देवदत्त खोतांनी संगणक धुऊन पुसून नवी सिस्टिम घातली, आणि जेथे साडेतीन वर्षे 'मागाहून' दाबिले तेथे सर्व अपडेटे एका दुपारी घातली. हणमंतरावांचे भय खरे ठरले. जुने यंत्र बोलेना. देवदत्तांनी दोन दिवस त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि यंत्र यांमधील दुभाषी, शोधिला, निर्मात्यास पत्रे लिहिली, आणि निर्मात्याचे उत्तर आले की हे यंत्र आम्ही विसरलो आहो. हणमंतरावांनी त्यावर कापड घातले. आणि नवे यंत्र मात्र तार जोडतांच बोलिले. नजमाबाईंनी लॅपटॉपातून गणिताचा संच दिला, मास्तरांच्या आकृती देवदत्तांनी साफ करून त्यास जोडिल्या, आणि यंत्र धडधडू लागले, आणि त्रिकोण, वर्तुळे, स्पर्शिका कागदावर उठो लागल्या. नजमाबाईंनी वर्तुळावरून बोट फिरविले, आणि पुन्हा फिरविले, आणि म्हणाल्या, "हे गोल आहे. खरंच गोल आहे." तीन दिवस सर्वांनी पाने लाविली, शिवली, पेट्या बांधिल्या, आणि पौष वद्य नवमीस दहावीच्या मुलांचे सर्व संच रवाना जाहले. एकही मूल राहिले नाही.

मग उरलेल्या पुस्तकांचे काय करावे, हा प्रश्न आला. कागदी प्रती कारखान्याच्याच वाचनालयाच्या मांडणीत होत्या. परंतु बहुत हातांनी वाचलेल्या, आणि कित्येक पानांवरील ठिपके दबून सपाट जाहले होते. देवदत्त म्हणाले, पान टिपून आपोआप मजकूर करणारी यंत्रे असतात, परंतु दबलेले ठिपके त्यांस दिसणार नाहीत. बोटांसच कळतील. नजमाबाईंनी वाचावे आणि कोणी तरी टंकावे, दुसरा उपाय नव्हता. वसुधाताई म्हणाल्या, यावर एक मसलत... आणि हणमंतराव उठोन खुर्ची घेऊन नजमाबाईंसमोर बसले. म्हणाले, "सांगा. मी टाइप करतो."

"तुमचा राग आहे मला अजून," नजमाबाई बोलिल्या.

"असू द्या. पहिलं पान काढा."

प्रथम गोष्टींचे पुस्तक घेतले. नजमाबाई बोटांनी वाचीत आणि मोठ्याने सांगत, आणि हणमंतराव दोन बोटांनी टंकीत. जेथे ठिपके दबले तेथे नजमाबाई थांबत, बोट हलके करून पुन्हा फिरवीत, आणि लागले नाही तर म्हणत, "इथे रिकामं सोडा." ऐशा रिकाम्या जागा बहुत पडल्या, आणि त्यांतील कित्येक कधीच भरल्या नाहीत, हेही लिहिणे भाग आहे. चौथे दिवशी एका गोष्टीत म्हातारा नावाडी मुलीस नदी पार करून देतो आणि स्वतः परत येत नाही, ऐसा मजकूर आला, आणि हणमंतरावांचा हात थांबला.

"काय झालं?" नजमाबाईंनी विचारिले.

"हे पुस्तक मी चारशे वेळा छापलंय हो, नजमाबाई. यात काय आहे ते आज कळलं."

"बरं. आता पूर्णविराम द्या, आणि पुढच्या ओळीवर या. बोट भरून आलंय माझं."

आणि हणमंतरावांनी पूर्णविराम दिला.

एवंच, अपडेट घ्यावे म्हणणारे खरे ठरले, आणि घेऊ नये म्हणणारेही खरे ठरले, आणि दोघांच्या खरेपणात एकेचाळीस पुस्तके बुडाली. त्यांपैकी फाल्गुन अखेरपर्यंत सहा परत आणिली, सातवे चालू आहे. जैसे घडले तैसे लिहिले, कमीजास्त असेल ते वाचणारांनी पदरी घ्यावे.