आईकडचे सहा आकडे

ऑफिसात जे जमलं ते घरात जमलंच पाहिजे, असं बजेटरावांनी एका रविवारी ठरवलं. (त्यांना आईवडिलांनी दिलेलं एक चांगलं नाव होतं, पण अवाढव्य सरकारी खात्याचा संगणकखर्च सांभाळणाऱ्या माणसाचं असलं काही कोणी लक्षात ठेवत नाही.) त्याच महिन्यात त्यांनी कपाटांमध्ये पडून असलेले दोनशे लॅपटॉप शोधून वापरात आणले होते आणि संचालक मॅडम चक्क "छान" म्हणाल्या होत्या. तेव्हापासून स्वारी हवेत होती.

घराची झडती सुरू झाली. टेबलाच्या खणात जुना फोन सापडला.

"हा वर्षभरात कोणी वापरला?"

"कोणीच नाही," बायको म्हणाली. "पण अहो, तुम्हीच जपून ठेवलाय ना तो? काहीतरी कारण असेल."

"पडून असलेल्या वस्तूला कारण नसतं, सबब असते!" असं सुनावून बजेटरावांनी तो फोन सिमकार्डासकट आईच्या हातात ठेवला. आई खूश झाली.

कारण होतं. ते त्यांना पुढच्या शुक्रवारी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी आठवलं.

खात्याची पुढच्या वर्षाची मागणी त्या दिवशी पाचच्या आत पोर्टलवर चढवायची होती. नाही चढली, तर चारशे कार्यालयांना आणखी वर्षभर त्याच रखडत्या संगणकांशी झुंजावं लागणार होतं. बजेटराव तीन महिने त्या मागणीसाठी राबले होते. "आज ही गेली नाही तर नाव बदलीन," असं ते सकाळीच सगळ्यांना ऐकवून बसले होते. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली : नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.

नोंदवलेला मोबाइल! वर्षातून एकदाच, याच कामाला लागणारा! बजेटरावांनी घाईघाईने आईला फोन लावला.

हात कीबोर्डवर हवेत म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. मागे मॅडम, दोन कारकून आणि संगणकवाला इंजिनिअर उभे होते.

"आई, आत्ता एक मेसेज आलाय बघ. त्यातले सहा आकडे वाच."

"आलाय. पण कोणालाही सांगू नका, असं लिहिलंय."

"अगं, मला सांग!"

"तू कोण?"

"मी! तुझा मुलगा!"

"सगळे असंच म्हणतात. खालच्या काकूंनाही परवा असाच मुलाचा फोन आला, आणि खातं साफ! आवाज मात्र हुबेहूब काढलाय मेल्याने."

"बरं, सुनेला दे!"

"ती बाहेर गेलीय. आणि घरात कोण कोण आहे, ते कशाला विचारतोस रे?"

तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला, तोही वाद घालण्यात गेला. "साहेब, आता शेवटचा. यानंतर खातं लॉक," इंजिनिअर पुटपुटला. घड्याळात चार छप्पन्न झाले होते. पण बजेटराव हटणारे नव्हते.

"आई, जे फक्त तुझ्या मुलालाच ठाऊक आहे, असं काहीही विचार!"



"दहावीला गणितात किती मार्क पडले होते?"

बजेटरावांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी बजेटरावांकडे पाहिलं.

"आई, दुसरं काहीतरी विचार ना."

"बघ! चोरच आहेस. ठेवते."

"अकरा!" बजेटराव ओरडले.

"ते पहिल्या खेपेला. दुसऱ्या?"

"सतरा!"

"आणि तिसऱ्या?"

"पस्तीस." (आवाज एवढा खाली गेला होता, की कारकुनांना पुढे वाकावं लागलं.) "ग्रेस धरून."

"माझंच लेकरू ते!" आई गहिवरली आणि तिने सहाही आकडे खणखणीत वाचून दाखवले.

चार एकोणसाठला मागणी गेली. लाजेने कान तापले होते, तरी बजेटरावांची छाती अभिमानाने भरून आली. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. फक्त मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या मागणीची छापील प्रत पुढ्यात ओढून, कॅल्क्युलेटर मागवून, पहिल्या पानापासून बेरीज करायला बसल्या होत्या.