आठ बोटं बाहेर आलेलं चाक

आमच्या खराडीच्या सोसायटीतले तात्या माणूस भेटला की आधी त्याच्या दोन पायांमधलं अंतर बघतात. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "उभं राहताना पाय जरा बाहेर घ्या. वरचं वजन जास्त हाय." वरचं वजन म्हणजे माझं पोट.

आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी तात्यांचा ऊस होता. आता ते तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात आणि त्यांचा ट्रॅक्टर खाली पार्किंगमध्ये. शेत गेलं तरी कसब शाबूत आहे. ट्रॅक्टरची मागची चाकं आत-बाहेर बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. लांबून शेतकरी विचारायला येतात. "पीक बघून चाक बसवावं," हे तात्यांचं ब्रह्मवाक्य. उसाच्या सऱ्या लांब लांब, म्हणून चाक बाहेर; भाजीपाल्याच्या जवळ जवळ, म्हणून आत. माझ्या मुलीला आलेल्या स्थळाबद्दल विचारलं, तेव्हाही हेच ऐकवलं.

आणि या माणसाच्या स्वतःच्या ट्रॅक्टरचं चाक माझ्या जागेत चांगलं आठ बोटं आलेलं. दोन वर्षं मी गाडीचं दार अर्धंच उघडत होतो. शेवटी विचारलं, "तात्या, आपण पार्किंगमध्ये कुठलं पीक घेता?"

ते हसले नाहीत. "रविवारी आत घेतो," म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी जॅक लावला. मी उत्साहाने सुचवलं, "हेच चाक उलटं करून बसवा की."

"मंग टायरची नक्षी उलटी व्हतीया. डावं चाक उजवीकडं जातं, उजवं डावीकडं. तवा आत येतं."



एक नट सैल केला आणि पाना थांबला. सीटखालून तात्यांनी बांबूची काठी काढून दोन्ही चाकांच्या मध्ये आडवी धरली. तंतोतंत बसली.

"कारभारणीची हाय. सऱ्या ह्याच काठीनं मोजायची. म्हनायची, चाक इथंच पायजे, कोंब चेंगरला तर जेवाय देनार न्हाई. शेवटचा ऊस तिनंच लावला. मंग ती गेली, रानबी गेलं. चाक तेवढं तिनं सांगितल्या जागी हाय."

एवढं बोलून ते दुसऱ्या नटाकडे वळले. शब्द दिला होता ना. मला माझीच लाज वाटली. मी पाना धरला.

"राहू द्या, तात्या. तो नट परत आवळा."

हल्ली मी बायकोला आधी उतरवतो आणि गाडी पलीकडच्या भिंतीला चिकटवून लावतो. तरी गाडीच्या दारातून निघताना पोट आत घ्यावं लागतं. बायको विचारते, "अहो, हा काय नवा प्रकार?"

"पीक बघून चाक बसवलंय," मी सांगतो.