उजव्या खिशाचा कोट

कोट घातलेला माणूस दिसला, की आमचे दत्तूकाका त्याला मिठी मारतात. ओळखीचा असो, नसो. "या, या, किती दिसांनी!" म्हणत पुढं होतात आणि गळ्यात पडतात. समोरच्याला वाटतं, असेल कुणीतरी मुलीकडचं. तोही बिचारा मिठी मारतो. तेवढ्यात काकांचा हात त्याच्या कोटाच्या आत, उजव्या बाजूला, शिरलेला असतो!

आता मला सांगा, लग्नाच्या हॉलमध्ये अनोळखी म्हाताऱ्यानं तुमच्या कोटात हात घातला, तर तुम्ही काय समजाल? मागं एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामानं काकांचं मनगटच धरलं. मामा तालमीतला निघाला. चोर, चोर म्हणून आरडाओरडा झाला, अक्षता हातात घेऊन उभी राहिलेली माणसं गोळा झाली. आणि काका मनगट पिरगळलेलं असताना शांतपणे म्हणतात, "पावणं, पाकीट ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. तुमचा खिसा डावीकडं हाय न्हवं? मग आपला काय संबंध न्हाय. जेवून घ्या."

त्यांना सोडवायला मीच गेले. नेहमी मीच जाते. माझं माहेर इचलकरंजीचं. मागांच्या खडखडाटात वाढलेली माणसं आम्ही, घरात 'चहा टाकू का' विचारलं तरी ते शेजारच्या आळीला कळतं. असल्या वेळी या आवाजाचा फार उपयोग होतो.

शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत काकांची आणि आमची भिंतीला भिंत आहे. दूध संघातून रिटायर झाले, थोरल्या भावाच्या घरात राहतात. स्वतःचं लग्न झालेलं नाही. माझे सासरे त्यांचे जिवलग दोस्त, म्हणून ते मला सूनबाई म्हणतात आणि माझ्या घरातली भांडी स्वतःची समजतात. भांड्यांचं पुढं येईलच.

आधी कोट. आमच्या गल्लीतले लग्नाचे जुने फोटो एकदा बघा. घरं वेगळी, माणसं वेगळी, कोट एकच! लहानपणी पोरांना वाटायचं, एकाच माणसाची इतकी लग्नं कशी झाली? खरं असं, की तालमीतल्या सहा दोस्तांची तेव्हा कोट शिवायची ऐपत नव्हती. सहाजणांनी वर्गणी काढली आणि सहाजणांत एक चॉकलेटी कोट शिवला. पहिलं लग्न सदूकाकांचं, आणि ते डावखुरे. शिंप्यानं आतला खिसा त्यांच्या सोयीनं उजव्या बाजूला लावला, तो तसाच राहिला. मग एक दोस्त पैलवान, त्याच्यासाठी कोट उसवून मोठा केला. पुढचा विलासकाका काडीपैलवान, त्याच्यासाठी पाठीला टाचण्या मारल्या. माझे सासरे चौथे, टाचण्या तशाच. फोटोत ते ताठ उभे आहेत, ते रुबाबानं नव्हे, टाचणी टोचू नये म्हणून. आणि प्रत्येक फोटोत नवऱ्या मुलाच्या शेजारी पांढऱ्या शर्टातले दत्तूकाका. हात त्याच्या खांद्यावर, कोट सारखा करताना.

नियम असा, की एकाचं लग्न झालं की कोट पुढच्याच्या घरी जायचा. काका सगळ्यांत धाकटे, त्यांचा नंबर शेवटचा. कोट त्यांच्याकडं आला आणि ट्रंकेत बसला. काका मुली बघायला जायचे, पण मुलीकडं बघण्याऐवजी मुलीच्या बापाच्या शर्टाची कॉलर बघायचे. एका ठिकाणी पोहे खाता खाता म्हणाले, "मामा, कापड झकास हाय, पर शिलाईत फसवलंय तुम्हाला." तो शिंपी मुलीचा सख्खा काका निघाला! मग कुठं वडिलांचं आजारपण, कुठं भावाच्या पोरांची शिक्षणं. राहून गेलं.

मी लग्न होऊन गल्लीत आले त्याच वर्षी काकांच्या वहिनीनं, म्हणजे शालनकाकूंनी, ट्रंक साफ केली. दारात बोहारीण आलेली. काकूंनी तो कोट तिला दिला आणि त्यावर स्टीलची परात घेतली. काका कामावरून आले तेव्हा काकू कौतुकानं परात दाखवत होत्या. काका म्हणाले, "वैनी, त्यो गल्लीचा कोट हुता." काकू म्हणाल्या, "असंल की. पर आता कोण उभं ऱ्हाणाराय त्यात?"

 काकांनी महिनाभर त्या परातीत मळलेली भाकरी खाल्ली नाही, चिरमुऱ्यांवर राहिले. आणि मग त्यांचं शोधकार्य सुरू झालं, ते आजतागायत.

सगळं जग बोहारणीला कपडे देतं आणि भांडी घेतं. आमचे काका भांडी द्यायचे आणि कपडे घ्यायचे! रत्नाक्का ही आमच्याकडची बोहारीण, मूळची सीमेकडची, बोलताना मधूनच कानडी हेल. तिच्या गठुड्यात कोट दिसला, की काका हरखून जायचे. खिसा डावीकडं निघाला तरी तो परत द्यायचा जीव होत नसे. सुरुवातीला एका वाटीत कोट यायचा. तेव्हा जुन्या कपड्यांना विचारतंय कोण? बाकीच्या चिंध्या कागलच्या एमआयडीसीत यंत्रं पुसायला जायच्या. मग वाटीचा तांब्या झाला. तांब्याचं पातेलं झालं. शालनकाकूंच्या फडताळात खणच्या खण रिकामे व्हायला लागले. पाव्हण्यांना चहा एका पेल्यात, एकाचा झाला की दुसऱ्याला. काकू कडाडल्या, "भाऊजी, आता एक भांडं हाललं तर तुम्हालाच रत्नाक्काला दीन. आणि तुमच्यावर एक चमचाबी यायचा न्हाय!"

गेल्या काही वर्षांत तर कोटांच्या किमतीला आग लागली. कॉलेजच्या पोरांना जुन्या कपड्यांचं वेड लागलं. आजोबांच्या बेलबॉटम, मोठ्या कॉलरचे शर्ट, सफारी! मोबाईलवर फोटो टाकतात आणि मिनिटात विकतात. आमच्या ह्यांचा एक जुना सफारी मी फरशी पुसायला काढला होता, तर शेजारची पोरगी हात जोडून म्हणाली, "काकू, व्हिंटेज आहे हो!" रत्नाक्कालाही हा शब्द पाठ झाला. काकांनी पातेलं पुढं केलं, की म्हणायची, "काका, पातेलं तुमच्या आमटीला ठिवा. विंटेजला डबा लागतोय, झाकणाचा."

राजारामपुरीत तर एका पोरानं दुकानच काढलं. जुने कपडे, नवे आरसे, पिवळे दिवे. काकांनी तिथं एका कोटावरची किमतीची चिठ्ठी वाचली आणि मटकन स्टुलावर बसले. "सूनबाई," मला म्हणाले, "एवढ्यात आमची सहा लग्नं लागली असती, जेवणावळीसकट." ते काळजीत पडले होते. इतकी वर्षं वाटत होतं, कोट कधीतरी सापडेल. आता वाटायला लागलं, सापडला तरी हाताला लागायचा नाही.

आणि परवा सकाळी काका माझ्याकडं आले. "सूनबाई, पावणं आल्यात. जरा तुझा कुकर दे." मी दिला. पाचलिटरी, नवा कोरा! अर्ध्या तासानं खिडकीतनं बघते, तर रत्नाक्का माझा कुकर डोक्यावरच्या टोपलीत ठेवून गल्लीच्या बाहेर चाललेली.

मी जी ओरडले, ती रंकाळ्यापर्यंत ऐकू गेली असेल. "काका! माझा कुकर! कुठला कोट घेतलाय, दाखवा तरी!"

"कोट न्हाय घेतला," काका म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "पत्ता घेतला."

"कुकरला नुसता पत्ता?"

"भाव वाढल्यात, सूनबाई! आगं, एका नाटक कंपनीची पेटी रत्नाक्काला मिळाली. त्यात चॉकलेटी कोट. इतकी वर्सं जत्रंच्या नाटकात इन्स्पेक्टर झालाय त्यो! उजवा खिसा, तिनं डोळ्यानं बघितलाय. पर आठवण झाली माल विकल्यावर. राजारामपुरीत गेलाय. काढ गाडी!"

रागानं माझे कान तापले होते. पण त्यांचा तो चेहरा बघितला आणि मी किल्ली घेतली. काका आत गेले आणि काखेत ती परात घेऊन बाहेर आले. हो, तीच परात! "हिच्यावर गेलता, हिच्यावरच आणायचा," म्हणाले. माझ्या स्कूटरवर मागं काका, काकांच्या काखेत परात, उन्हात लखलखणारी. सिग्नलला थांबलो तर लोक बघायला लागले. एकानं विचारलं, "काकू, लग्नाचं जेवण हाय व्हय?" मी म्हटलं, "हो, या की!"

दुकानात शिरतानाच काकांनी आरोळी ठोकली, "चॉकलेटी कोट!"

कानात बाळी घातलेला तो दुकानदार पोरगा म्हणाला, "सर, तो पीस जातोय. ते काय, आरशापुढं."

"पीस न्हवं रं, कोट हाय त्यो," म्हणत काका आत घुसले. आरशापुढं एक तरणा पोरगा उभा होता, साधा, उन्हात रापलेला. काकांनी सरळ मिठी मारली. हात उजवीकडं गेला. आणि या वेळी तो बाहेर येईना. "घावला!" काका असे ओरडले, की दुकानदाराच्या हातातला हँगर पडला. "सूनबाई, घावला गं!" मी पण ओरडले. आम्ही नाचायचं तेवढं बाकी होतं.

दोन गिऱ्हाइकं झाली म्हटल्यावर दुकानदारानं आमच्या डोळ्यांदेखत चिठ्ठी बदलून भाव वाढवला. मी त्याला इचलकरंजीच्या पट्टीत चार शब्द सुनावले, तेव्हा त्यानं जुनी चिठ्ठी परत लावली.

पोरगा आजऱ्याकडचा होता, एमआयडीसीत कामाला. पंधरवड्यावर लग्न आलेलं. नवरीनं फोटोत बघून हाच कोट पसंत केला होता. पण फोनवर त्याची आई होती, आवाज दुकानभर ऐकू येत होता. "कुणाचा हाय ते आधी इचार. मेल्याल्या माणसाचा असंल तर लग्नात अंगावर घालू नगंस."

पोरगा काकांना म्हणाला, "काका, तुमचा हाय व्हय? मग न्या की. आई तशीबी नगं म्हणत्या." आणि कोटाची बटणं काढायला लागला.

झालं! माझ्या मनात आलं, काकांनी आता फक्त गप्प बसायचं. खोटंही बोलायला नको. सहापैकी माझे सासरे गेले, पैलवानकाका गेले. मेलेल्यांचा कोट, खराच. इतक्या वर्षांनी काकांचा नंबर लागला होता.

काका त्या पोराच्या खांद्यांकडं बघत होते. मग त्यांनी त्याचा फोन मागून घेतला.

"ताई, ह्यो कोट मेल्याल्यांचा न्हवं, लगीन लागल्याल्यांचा हाय. आमच्या गल्लीची लग्नं लागल्यात ह्यात. सदू हाय, आजून बायकोला भितोय. विलास हाय, चार नातवंडं हाईत. दोन दोस्त गेलं, पर नांदून-सवरून गेलं. त्यातल्या एकाची सून हितंच हुबी हाय, आवाज बघा तिचा कसा खणखणीत हाय."

"आणि तुमचं, दादा?" आईनं विचारलं. "तुमचं लगीनबी ह्यातच झालं?"

काकांनी कोटाच्या बाहीवरनं एकदा हात फिरवला. 

"व्हय की," काका म्हणाले. "शेवटचं माझंच."

"मंडळी बरी हाईत न्हवं?"

"बरी हाय. परात घिऊन कुठं उलथलं म्हणून बोंबलत असंल आत्ता."

फोनमधनं आई खळखळून हसली. "मग घे रं बाळा, घे. घरचाच कोट हाय."

काकांनी फोन परत दिला. पोराची बटणं लावली, कॉलर सारखी केली, पाठीवरची सुरकुती काढली आणि खांद्यावर हात ठेवून आरशात बघितलं. आमच्या भिंतीवरच्या फोटोत उभे आहेत, तसेच. मग परात त्याच्या हातात दिली. "आहेर," म्हणाले. पोरगा पाया पडला, लग्नाला या म्हणाला. काका "बघू की" म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

 येताना स्कूटरवर मला रडू येत होतं, आणि हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नव्हते.

"पोराच्या खांद्यात बसला न्हवं?" काकांनी मागनं विचारलं.

"बसला, काका."

"मला ढिल्लाच झाला असता." थोड्या वेळानं म्हणाले, "तुझा कुकर आणून दीन मी."

"राहू द्या हो कुकर," मी म्हटलं. माझा आवाज इतका बारीक निघाला, की त्यांना ऐकूही गेला नसेल.

गल्लीत वळतोय तोवर शालनकाकू दारात उभ्याच होत्या, कमरेवर हात ठेवून. "परात घिऊन कुठं उलथलाता, भाऊजी? भाकरी कशात मळू, कपाळात?"

काका स्कूटरवरनं उतरले आणि माझ्याकडं बघून हसले.

"बघ," हळू आवाजात म्हणाले, "बोंबलतंय का न्हाय घरात कोण तरी." आणि चपला काढून आत गेले.